अंगणातून गेलेली रेषा

आमची आई शेजारणींना अभिमानानं सांगायची, "आमचा मुलगा नद्या मोजतो." त्यावर खंडेराव गेटातल्या त्या बायका हसून म्हणायच्या, "काए जिज्जी, नदियाँ भी कोई नापता है? कपड़ा थोड़े है!" आईला राग यायचा. झाशीतली आमची ही कितवी पिढी ते मला नक्की सांगता येत नाही. पूर्वज सुभेदारांबरोबर पूजाअर्चेला म्हणून आले आणि इथलेच होऊन गेले. घरात अजून ओसरी, फडताळ, सोवळ्याची खुंटी असे शब्द टिकून आहेत, आणि त्याच ओसरीवरून माझी मुलगी "बाबा, मैं निघते" म्हणत बाहेर पडते. अशा घरात भिक्षुकी, मास्तरकी, रेल्वेतली कारकुनी ही कामं सगळ्यांना कळत. नदी मोजणं कुणालाच कळत नसे. म्हणून आधी तेच सांगतो.

नदी मोजायला गेलेला माणूस पाण्याकडे फारसा बघत नाही. बुंदेलखंडातल्या लहान नद्यांमध्ये ते निम्मं वर्ष नसतंच. आम्ही मोजतो ती जमीन, तिचा उतार. तिपायावर दुर्बीण लावायची. दूर एकजण खुणांची उंच पट्टी उभी धरून थांबतो. दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचला की ती जागा आपल्यापेक्षा किती वर किंवा खाली ते समजतं. असं करत करत सारख्या उंचीच्या जागा एका रेषेनं जोडत जायचं. बायकोला मी ही रेषा जेवताना समजावली होती. ताटात भाताची मूद आहे, तिच्याभोवती वरण वाढलं. वरणाचा काठ भाताला जिथे जिथे टेकला, ती सारख्या उंचीची रेषा. आणखी वरण वाढलं की रेषा वर चढते. ती म्हणाली, "एवढं शिकायला सरकारनं तुम्हाला वर्षभर बाहेर पाठवलं होतं?"

पतरई नदी मला नोकरीच्या सुरुवातीलाच मिळाली. बुंदेलीत पतरी म्हणजे सडपातळ. धसानला मिळणाऱ्या कितीतरी नद्यांमधली ही एक. जुन्या नकाशावर ती केसाएवढी निळी रेघ होती, तीही मध्येच तुटलेली. बाबूलाल नावाचा आमचा पट्टी धरणारा आणि मी, आम्ही दोघं ती उगमापासून संगमापर्यंत पायी चाललो.

उगम बघून माझी निराशा झाली होती. करधईच्या जंगलात काळ्या गोल धोंड्यांची एक टेकडी आहे. तिच्या पोटातून नुसती ओल झिरपते. कुणीतरी एका धोंड्याला शेंदूर फासला होता, म्हणून ती जागा सापडली. करधईचं झाड उन्हाळ्यात जळणाच्या काटक्यांसारखं दिसतं, पण हवेत जरा दमटपणा आला की पावसाची वाट न बघता हिरवं होतं. त्या झाडांखालून पतरई निघते, तेंदू आणि मोहाच्या रानातून खाली येते, दोन्ही अंगांचे नाले पोटात घेते. मग तिच्या वाटेत आडवी येते ती पांढऱ्या गारगोटीच्या दगडाची डोंगररांग. आमच्याकडे अशा रांगा आहेत, घरच्या कुंपणासारख्या सरळ आणि कोसकोस लांब. एवढीशी नदी, पण तिनं कधीकाळी ही भिंत कापली आणि पलीकडे वाट काढली. कापलेली जागा इतकी अरुंद, की दोन काठांवरची माणसं न ओरडता एकमेकांशी बोलत. गावकरी तिला 'खिरकिया' म्हणत, म्हणजे लहानशी खिडकी. खिडकीच्या वरच्या अंगाला नदी ऐसपैस व्हायची. तिथे एक खोल डोह होता, डोहाच्या घाटाशी सेजाच्या उंच झाडांची राई होती, आणि राईच्या वरच्या उतारावर सेमरखेडा नावाचं गाव होतं.

खिडकी, तिच्या मागे खोलगट दरी. कुठल्याही इंजिनिअरला ही जागा दाखवली तर त्याला तिथे धरणच दिसणार. मलाही दिसलं. तेव्हा तसा काही विचार नव्हता, म्हणून मी उंच्या लिहिल्या आणि पुढे गेलो.

सेमरखेड्यात आम्ही परमलाल यांच्या अंगणात मुक्काम केला होता. परमलाल म्हणजे काठीसारखा ताठ, फार उंच माणूस, बोलणं कमी. गाव त्यांना दाऊ म्हणायचं. त्यांची बायको रामकली. उतारावर वर त्यांचं घर, खाली धाकट्या भावाचं, गनेशचं घर, आणि दोन घरांच्या मध्ये शेणानं सारवलेलं एकच अंगण. चूल मात्र एकच. गनेशचं लग्न झालेलं होतं, बायको सुनीता नवीनच आलेली होती. पण जेवायला बसला की तो भौजीकडेच, म्हणजे वहिनीकडेच बघायचा. त्याचं कारण मला बाबूलालनं सांगितलं. गनेशला जन्म देऊन सासू गेली तेव्हा रामकली नुकतीच लग्न होऊन घरात आली होती. तिनं त्या बाळाला शेळीच्या दुधावर वाढवलं. पुढे तिला स्वतःचं मूल झालं नाही. ती दिराला रिवाजाप्रमाणे 'लाला' म्हणायची, पण हाक मारायची ती आई मारते तशी, घराच्या या टोकाकडून त्या टोकाला ऐकू जाईल अशी.

त्या मुक्कामानंतर मी बऱ्याच नद्या मोजल्या. सेमरखेड्याला क्वचित जाणं व्हायचं. गनेश कामानिमित्त गरौठ्याला, तालुक्याच्या गावी, आला की फोन करायचा. झाशीला आला तर दतिया गेटच्या बाजारात खरेदी उरकून घरी डोकावून जायचा, मोहाची फुलं ठेवून जायचा. माझी बायको त्याला "गनेशभैया" म्हणायची.

मग धरण मंजूर झालं. पाणी हवंच होतं. खिडकीच्या खालच्या गावांमध्ये उन्हाळ्यात बायका कोरड्या पात्रात खड्डे खणून वाटीवाटीनं पाणी भरतात, ते मी अनेक वर्षं बघितलं होतं. धरणाच्या विरोधात बोलायला माझी जीभ कधी उचलली नाही, आजही उचलत नाही. पाणी कुठवर चढणार ती बुडीत रेषा जमिनीवर आखायचं काम माझ्याकडे आलं, कारण दरी माझ्या पायाखालची होती.

रेषा आखणाऱ्या माणसाला जितकी माणसं भेटतात तितकी कुणाला भेटत नसतील. एका गावचे पुजारी रोज येऊन विचारायचे, "हनुमानजी कहाँ तक भीगेंगे?" मी म्हटलं, "खांद्यापर्यंत." ते जरा विचार करून म्हणाले, "तो गदा बच जाएगी." एकाला त्याचं जांभळीचं झाड रेषेच्या आत हवं होतं, कारण त्यावरून चुलतभावाशी भांडण होतं आणि झाड बुडालं तर भांडण मिटणार होतं. एक आजी दुर्बिणीसमोरून जाताना पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढायची. तिला कुणीतरी सांगितलं होतं की या नळीतून माणसं उलटी दिसतात. बहुतेकांची विनंती मात्र एकच असायची. "साब, हमाओ घर बाहर कर दो." रेषेच्या बाहेर ठेवा. मी सगळ्यांना तेच सांगायचो, की रेषा मी काढत नाही, जमीन काढते.

सेमरखेड्यात आम्ही खालून वर चढत गेलो. घाट आत, राई आत, शाळा आत, विहीर आत. एकेक घर आत जात होतं आणि लोक मुकाट्यानं आमच्या मागून चालत होते. परमलालच्या अंगणात बाबूलालनं पट्टी उभी धरली. मी आकडा वाचला. त्याला खूण करून दोन हात वर सरकवला. पुन्हा वाचला. मग थोडा खाली. तुळशीच्या शेजारी, अंगणाच्या साधारण मध्यात, पट्टी बरोबर जागेवर आली. बाबूलाल पट्टी धरून तसाच उभा राहिला. त्यालाही समजलं होतं.

खालचं घर बुडणार होतं. वरचं नाही.

नियम सरळ होता. रेषेच्या आतलं घर सरकार घेणार आणि गरौठ्याच्या रस्त्यावर नवीन वसाहतीत जागा देणार. बाहेरचं घर बुडतच नाही, तर ते घ्यायचं कशाला? लाटांसाठी धरलेली जास्तीची उंची मिळवूनसुद्धा परमलालचं जोतं वरच राहत होतं. अख्ख्या सेमरखेड्यात तेवढं एकच घर बाहेर राहिलं. परमलालना आधी आनंद झाला. लोक येऊन त्यांची पाठ थोपटू लागले, कुणी म्हणालं, पुरखों का पुण्य है. त्यांनी बत्तासे आणवून वाटले.

रामकलीनं बत्तासा हातात धरून ठेवला. ती माझ्याजवळ आली.

"पंडितजी, ई लकीर के ऊपर को रैहै?" वर कोण राहणार, असं ती विचारत होती.

"तुम्ही, भौजी. तुम और दाऊ."

"और?"

मी वही मिटली.

"और कोऊ नईं?"

"नाही."

तिनं अंगणात रेषेची खूण म्हणून ठोकलेल्या खुंटीकडे बघितलं, मग खालच्या घराकडे. "तो जा खूँटा हाथ भर ऊपर सरका दो, भैया. हम सोई डूब जाएँ. सबके संगे चले जैहें."

आयुष्यभर लोकांनी मला रेषेच्या बाहेर ठेवा म्हणून विनवलं होतं. आत घ्या म्हणणारं माणूस मला तेवढं एकच भेटलं. मी तिला समजावू लागलो. खुंटी सरकवली तरी पाणी सरकत नाही, वरचे अधिकारी पुन्हा मोजतील, असं बरंच काही. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "पानी खों का पता, को किसका भैया आय." पाण्याला काय माहीत, कोण कुणाचा भाऊ. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला तर वाटलं, ती पाण्याची बाजूच समजून घेते आहे.

दुसऱ्या दिवशी मी मोजणी पुन्हा केली. उंची पक्की ठरलेल्या मूळ खुणेपासून पातळी मोजत अंगणापर्यंत गेलो, दुसऱ्या वाटेनं परत मूळ खुणेवर आलो. निघालो त्याच आकड्यावर परत यावं लागतं. आलं नाही तर कुठेतरी चूक आहे. चूक निघावी म्हणून मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडत होतो. आकडा जुळला. नोकरीत काम जुळलं म्हणून वाईट वाटण्याची ती पहिली वेळ.

तरीही मी साहेबांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. नकाशा उलगडून त्यांनी ते अंगण बराच वेळ बघितलं. मी म्हटलं, "सर, घर नहीं डूबेगा, लेकिन रास्ता डूबेगा. कुआँ डूबेगा. पूरा गाँव चला जाएगा. दो बूढ़े लोग जंगल और पानी के बीच में बैठेंगे."

"मैं समझ रहा हूँ पंडितजी," ते म्हणाले, "पर मैं लिखूँ क्या? इस खाने में लिखना पड़ता है कि मकान पर क्या असर हुआ. मकान पर तो कुछ हुआ ही नहीं."

तरी त्यांनी प्रस्ताव पाठवला. तो परत आला. घराला धोका नाही, असा शेरा होता, आणि तो खराही होता.

उरला परमलालचा होकार. गनेशनं दाऊंच्या पायाशी बसून खूप विनवलं. नव्या जागेत आपण सगळे राहू, माझी जागा ती तुमची जागा. परमलाल म्हणाले, "जिसका घर डूबे वो जाए. मेरा घर खड़ा है, मैं क्यों भागूँ?" वरच्या बाजूचं शेत त्यांचं होतं, बैल होते, बापानं बांधलेल्या भिंती होत्या. रामकली नवऱ्याला सोडून दिराबरोबर जाणार कशी?

गाव हललं तो दिवस मला विसरता येत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. लोक कौलं, वासे, कवाडं, जे निघेल ते काढून नेत होते. सुनीता लहानग्या मुलीला कडेवर घेऊन ट्रॉलीत बसली. गनेशचं घर रिकामं झालं, छप्परही उतरलं. मी खुंट्यांची शेवटची तपासणी करत वर आलो तर रामकली त्या उघड्या घरात बसून जमीन सारवत होती. चार-सहा महिन्यांत पाण्याखाली जाणारी जमीन. कोपऱ्यापासून दारापर्यंत, हात फिरवून, अर्धवर्तुळं उठतील अशी. मी म्हटलं, "भौजी, अब काहे के लिए?" ती म्हणाली, "गंदो घर छोड़ कें नईं जात." गनेश दारात उभा होता. तिनं सारवण संपेपर्यंत तो आत पाय न टाकता तसाच उभा राहिला. मग त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पळाल्यासारखा उतारावरून खाली गेला.

पुढच्या पावसाळ्यात पाणी भरलं. भराव चढेपर्यंत राई तोडायचं काम अर्धंच झालं होतं. घाटाजवळची सेजाची झाडं उभीच बुडाली. उन्हाळ्यात पातळी उतरली की त्यांचे वाळलेले शेंडे पाण्याबाहेर दिसायचे, पावसाळ्यात पुन्हा झाकले जायचे. आम्ही तसं कळवलं होतं. जिथे वाट होती तिथे पाणी आलं. परमलालच्या घरून नवी वसाहत समोरच्या काठापलीकडे, डोळ्यांना दिसेल इतकी जवळ. पण जमिनीवरून जायचं तर जंगलातून उगमाकडे वळसा घालून, पांढऱ्या डोंगराच्या मागून, दिवस मोडायचा.

गनेश शेतकरी माणूस, नाव कधी हातात धरली नव्हती. तो वल्हं मारायला शिकला. आठवड्यातून एकदा तरी पाणी ओलांडून यायचा. मीठ, तेल, औषधं, भौजीसाठी काचेच्या बांगड्या. संध्याकाळ व्हायच्या आत परतायचा. मी जलाशयाच्या पाहणीला गेलो की परमलालकडे थांबायचो. एकदा गनेशही आलेला होता. परमलाल आणि तो पाण्याकडे तोंड करून बसले होते. मी विचारलं, "नाव चालवताना भीती नाही वाटत?" तो हसला. "लगता है पंडितजी. पर भौजी किनारे पे खड़ी रहती हैं. सामने वही दिखती हैं, तो उसी सीध में खेता जाता हूँ."

तिच्या दिशेनं सरळ. त्या सरळ रेषेत, पाण्याखाली काय काय आहे ते मला माहीत होतं. मी त्याला म्हटलं, राईला वळसा घालून ये. त्यानं मान हलवली. तो वळसा घालायचाही, असं नंतर सुनीतानं सांगितलं. पण वारा सुटला की नाव स्वतःच्या मनानं जाते.

आमच्याकडे नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भुजरियाँचा सण असतो. बायका टोपल्यांत गव्हाचे अंकुर वाढवतात, नदीत सोडतात, आणि थोडे अंकुर वाचवून एकमेकांना देतात, मोठ्यांच्या पाया पडतात. घरात आदल्या दिवशीचा नारळीभात उरला होता, तो गरम करून आम्ही खात होतो, तेवढ्यात कार्यालयातून फोन आला. पतरईच्या जलाशयात नाव रिकामी सापडली आहे. पाणबुडे बोलावले आहेत, पण खाली झाडंझुडपं आहेत, त्यांना जागेची माहिती नाही. जुना नकाशा घेऊन लगेच या.

माणसाचं नाव मी विचारलं नाही. सणाचा दिवस होता आणि तिकडे नावेतून जाणारा एकच माणूस मला माहीत होता.

बाबूलाल आणि मी गरौठ्याहून जंगलाच्या वाटेनं जीपनं परमलालच्या घराशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. रामकली पाण्याच्या काठावर उभी होती. काठाशी अंकुरांची पिवळी पाती तरंगत होती, गनेश तिच्यासाठी आणत होता ती. परमलालनी सांगितलं ते एवढंच. सकाळी नाव येताना दिसली. वारं उठलं. नाव राईकडे ओढली गेली, एकदम थबकली, कशाला तरी अडकल्यासारखी, आणि कलंडली. रामकलीनं हाक मारली. तो एकदा दिसला, मग दिसला नाही.

पाणबुड्यांचा प्रमुख पोरसवदाच पण शांत माणूस होता. त्यानं विचारलं, "सर, नीचे क्या-क्या है?" मी नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला. खरं तर मला त्याची गरज नव्हती. पांढऱ्या डोंगरातली खिडकी आणि परमलालच्या घराचा कोपरा यांच्यावरून जागा धरून मी सांगत गेलो. इथे जुनं पात्र वळतं. इथे घाटाच्या पायऱ्या, त्यांच्या डावीकडे खडक. इथून पुढे डोह, तिथे फार खोल आहे, पण वारा या बाजूचा होता म्हणजे तो डोहात गेला नसेल. इथे राई. झाडं अशी दाट, मधून एक पायवाट जायची, त्या पायवाटेनं उतरा, तिथे फांद्या कमी लागतील. तारुण्यात पायी फिरून गोळा केलेली ती माहिती. इतक्या वर्षांत ती कुणाच्या उपयोगी पडली असेल तर ती अशी.

त्या दिवशी तो मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला, राईतच. झाडांनी त्याला धरून ठेवलं होतं.

रामकली रडली नाही. तिनं पाणबुड्यांना विचारलं, "ठंडो तो नईं हतो उतै?" खाली थंडी नव्हती ना. त्या तरुण मुलानं मान फिरवली. मग म्हणाला, "नहीं अम्मा. नीचे पानी गुनगुना था."

कागदपत्रं झाली आणि गनेशला वसाहतीत नेलं. परमलाल आणि रामकलीला मी जीपनं घेऊन गेलो. जंगलातून, करधईच्या हिरव्या झाडांखालून, सगळा वळसा घालून. वाटेत रामकली एकदाच बोलली. "लाला कैत तो, भौजी, उतै सड़क पक्की है." तिथे रस्ता पक्का आहे, असं तो सांगायचा. ती पहिल्यांदाच तिकडे जात होती.

अग्नी परमलालनी दिला. त्यांनी आपल्या बापाला दिला होता, आता ज्याला खांद्यावर खेळवलं त्याला दिला. सगळं सेमरखेडा जमलं होतं. माणसं तीच, पण घरं एका रांगेत, सारख्या आकाराची, आणि कोण कुणाच्या शेजारी ते सगळं बदललेलं. अंघोळी उरकल्या, लोक पांगले. परमलाल माझ्याजवळ आले. "चलें पंडितजी. ढोर बँधे हैं." गुरं बांधलेली आहेत, निघायला हवं. रामकली मात्र तेरवीपर्यंत सुनीताजवळ राहणार होती.

सुनीता पदरानं तोंड झाकून भिंतीशी बसली होती. ती उठली, घराच्या मागच्या बाजूला गेली आणि एका खोलीची कडी काढली. "जिज्जी, सामान इतै धर दो."

खोली लहान होती, पांढरी, स्वच्छ चुना दिलेली. दोन खाटा होत्या, दोन्हींवर सतरंजी अंथरलेली. कोपऱ्यात पाण्याचा माठ, रिकामा, उपडा घातलेला. तिथे कुणी कधी राहिलं नव्हतं.

"जा कौन की कोठरी आय?" परमलालनी विचारलं.

"तुमाई," सुनीता म्हणाली. "घर बनो तब सें. पैलें जेई बनवाई ती, बाद में अपनी." आधी ही बांधली, मग स्वतःची. "हर दिवारी पुताई करत ते." दर दिवाळीला तो चुना द्यायचा.

"हमसें कई नईं कभऊँ." आम्हाला कधी सांगितलं नाही, परमलाल म्हणाले.

सुनीता म्हणाली, "कैत ते, दाऊ कौ घर ठाँड़ो है. ठाँड़े घर में सें कोऊ खों कैसें बुलाएँ."

उभ्या घरातून माणसाला बोलवायचं कसं, म्हणून तो बोललाच नव्हता.

परमलाल दारातच उभे राहिले. रामकली आत जाऊन खाटेच्या कडेला बसली, हात मांडीवर ठेवून, पाहुण्यासारखी. सुनीतानं लहान मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं. मी जीपकडे जायला वळलो, पण परमलाल हलले नाहीत. त्यांनी वहाणा काढल्या. चौकट त्यांना ठेंगणी होती, वाकून आत गेले. खांद्यावरचा ओला पंचा काढला आणि कुठे टाकावा म्हणून इकडेतिकडे बघितलं. दाराशेजारी भिंतीत एक लाकडी खुंटी ठोकलेली होती, पार वर. गनेशचा हात तिथवर पोचला नसता. परमलालनी हात वर केला, पंचा खुंटीला अडकवला, आणि हात तसाच खुंटीवर ठेवून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी जीपपाशी आलो. मग बाबूलालला म्हटलं, "चला. गुरं आपणच सोडून येऊ."